कोटासकट वजन

कॉलेजात तिला पाठीमागे सगळे तोफ म्हणायचे. तिला ते माहीत होतं आणि मनातून आवडायचंही, पण कुणी तोंडावर म्हणून दाखवलं असतं तर त्याची धडगत नव्हती. नर्सिंगच्या पोरींना किडनीच्या पेशंटची देखभाल शिकवणं हा तिचा विषय. तिच्या हाताखालून गेलेली पोरगी पेशंटचा सुजलेला पाय बोटाने दाबून बघितल्याशिवाय खाटेपासून हलत नसे, आणि हललीच तर तोफ धडाडायची. आता अशा बाईच्याच दोन्ही किडन्यांनी संप पुकारावा, याला काय म्हणायचं? रिपोर्ट पुढे ठेवताना डॉक्टरांचा चेहरा पडला, तेव्हा उलट तिनेच त्यांना धीर दिला. म्हणाली, निदान धडा तरी पाठ आहे.

धडा पाठ असणं वेगळं आणि अंगावर येणं वेगळं. घरी आल्यावर ती तोंड धुवायला गेली आणि नळ सोडून ठेवून मनसोक्त रडली. नवरा गॅरेजवाला, मुळातच कमी बोलणारा. तो दाराबाहेर काळे हात घेऊन नुसता उभा. ती बाहेर आली ती रागानेच. आजाराचा राग, डॉक्टरांचा राग, आणि काही न बोलता ताटकळलेल्या नवऱ्याचा तर सगळ्यात जास्त राग. मशीनवर जाईन, तिने त्याला बजावलं, सुया टोचून घेईन, पाणी मोजून पिईन, पण मला कुणी पेशंट म्हणायचं नाही. मी शिकवणारी बाई आहे. तो बिचारा बरं म्हणाला, आणि त्या घरात तो शब्द पुन्हा कुणी काढला नाही.

तिच्या डाव्या हातात फिस्टुला केला. म्हणजे हातातली धमनी आणि शीर एकमेकींना जोडली, की शीर जाडजूड होते आणि तिच्यातून पुरेसं रक्त मशीनला मिळतं. आठवड्यातून तीनदा खुर्चीत पडायचं, दोन सुया टोचायच्या, एकीतून रक्त मशीनमध्ये जायचं, धुऊन दुसरीतून परत यायचं. कॉलेजला लागूनच हॉस्पिटल, आणि हॉस्पिटलच्याच डायलिसिस युनिटमध्ये तिची खुर्ची. त्याच युनिटमध्ये तिने वर्षानुवर्षं पोरी शिकवल्या होत्या. तिथली इन्चार्ज सिस्टरही तिचीच जुनी विद्यार्थिनी, आणि एवढी मोठी झाली तरी तोफेसमोर अजून सरळ उभी राहायची.

प्राचार्यांनी तिला बोलावून घेतलं. प्राचार्या काही वाईट नव्हत्या, हे इथेच सांगून टाकलेलं बरं. त्यांना काळजी होती, फक्त त्यांची काळजी नेहमी नियमाचे कपडे घालून यायची. त्यांनी चहा मागवला, तोफ हल्ली चहा घेत नाही हे आठवून तो परत पाठवला, आणि मग मुद्द्यावर आल्या. शिकवता शिकवता तुम्ही कोसळलात तर जबाबदारी कुणाची? आजारी बाई समोर उभी बघून मुली धास्तावतील. त्यापेक्षा खुर्चीत बसून वेळापत्रकं लावा, वर्ग दुसरं कुणी घेईल. आणि हो, यापुढे युनिटमध्ये मुलींनी फक्त बघायचं. हात पाठीमागे, पेशंटला हात लावायचा नाही, मशीनला तर नाहीच नाही. हॉस्पिटलला तक्रारी नको आहेत.

तोफेने ऐकून घेतलं, म्हणजे तिच्या मानाने बराच वेळ ऐकून घेतलं. मग म्हणाली, काठावर बसवून पोहायला शिकवा, मग एके दिवशी नदीत ढकला, झालं. या पोरी पास होऊन बाहेर पडतील, आणि पहिल्याच पेशंटला हात लावताना यांचेच हात कापतील. प्राचार्या म्हणाल्या, हुकूम तो हुकूम. शिक्षिका म्हणून तुम्ही युनिटमध्ये पाऊल टाकायचं नाही.

बरं, शिक्षिका म्हणून नाही टाकायचं. पण डायलिसिसच्या खुर्चीचं काय? खुर्चीतून तिला कोण उठवणार होतं? आठवड्यातून तीनदा तिला तिथे यावंच लागणार होतं, आणि पोरींची ड्युटीही तिथेच लागत होती. जिन्यावरून उतरता उतरता तोफेच्या हे ध्यानात आलं आणि कित्येक दिवसांत पहिल्यांदा तिला खुदकन हसू आलं.

मग काय, खुर्चीतूनच वर्ग सुरू झाला. डावा हात उशीवर, त्यात दोन सुया, शेजारी मशीन घरघरतंय, आणि समोर हात पाठीमागे बांधून पोरींची रांग. ती एकेकीला जवळ बोलवायची, फिस्टुल्यावर बोट ठेवायला लावायची. आत मांजर घुरघुरल्यासारखं लागायचं. ते लागलं म्हणजे रक्त वाहतंय, थांबलं तर धावत सुटा, आणि या हातावर प्रेशरचा पट्टा कधी बांधलात तर माझ्याशी गाठ आहे. हात लावायची बंदी आहे, असं एखादी चाचरत म्हणाली तर तोफ म्हणायची, हात माझा आहे, कॉलेजचा नाही. इन्चार्ज सिस्टर अशा वेळी नेमकी खिडकीबाहेर बघत असायची.

आणि नाटकं तर विचारू नका. बोलता बोलता ती एकदम पाय आवळून कळवळायची. पोरी घाबरल्या की डोळे उघडून विचारायची, हं, पोटरीत गोळा आलाय, बोला, काय कराल? कधी छातीवर हात ठेवायची, कधी अंगाला खाज सुटल्यासारखं करायची. पोरींना मजा वाटायची, आणि मजेमजेत उत्तरं पाठ व्हायची. एकच गोष्ट ती रोज घोकून घ्यायची: मशीनच्या आकड्यांकडे मग बघा, आधी माणसाच्या तोंडाकडे बघा.

या रांगेत एक पोरगी होती, तिला बाकीच्या शंकासूर म्हणायच्या. कुठलीही गोष्ट तिला एका फटक्यात पटली असं कधी झालं नाही. तहानलेल्या पेशंटला पाणी न देता गुळण्या करायला सांगायच्या, असं तोफेने शिकवलं, तर ही म्हणे, मॅडम, तुम्ही स्वतः गुळण्यांवर भागवता का, खरं सांगा. तोफेने तिला असं काही फैलावर घेतलं की पोरगी चार दिवस मागच्या ओळीत उभी राहिली. खरं तर त्या सकाळीच तोफेने स्वयंपाकघरात उभ्या उभ्या तांब्याभर पाणी पोटात रिचवलं होतं. पोरगी आगाऊ होती, पण तिचा नेम चुकत नव्हता, आणि तोफेला तिचा राग यायचा तो त्यासाठीच.

हा सगळा प्रकार प्राचार्यांच्या कानावर गेला. जाणारच होता. त्यांनी निरोप धाडला की आपण युनिटमध्ये उपचारासाठी येता, तेव्हा शिक्षिकेचा पांढरा कोट घालून येऊ नये, लोकांचा गैरसमज होतो. बस्स. तोवर तोफ कधी कोट घालून येत असे, कधी नाही. त्या दिवशी मात्र तिने कपाटातून धुतलेला कोट काढला, कडक इस्त्री केली, आणि खिशात स्टेथोस्कोप, प्रेशरचं यंत्र, बॅटरी, कात्री, किल्ल्यांचा जुडगा आणि औषधांचं जाडजूड हातपुस्तक असं सगळं कोंबलं. वर्गाकडे निघालेल्या बाईने जे जे घ्यावं ते ते सगळं घेतलं, आणि भर दुपारी छाती पुढे काढून ती युनिटमध्ये शिरली.

आता डायलिसिसला बसायच्या आधी वजन करतात. किडनी पाणी बाहेर टाकत नाही, ते अंगात साठतं, म्हणून काट्यावर जितकं जास्त भरेल तितकं पाणी मशीनने ओढून घ्यायचं, असा साधा हिशेब. इन्चार्ज सिस्टरने काट्याकडे हात केला आणि हळूच म्हणाली, मॅडम, तेवढा कोट काढता ना. समोर पोरींची रांग. तोफेला वाटलं, हिलाही निरोप गेलेला दिसतोय. तिने मान ताठ केली आणि कोटासकट काट्यावर चढली. म्हणाली, कोट उतरणार नाही, येईल तो आकडा धर. शंकासूरने तोंड उघडलं. तोफेने तिच्याकडे अशी नजर टाकली की ते आपसूक मिटलं. तेवढ्यात पलीकडच्या खुर्चीचं मशीन ओरडायला लागलं, इन्चार्जने आकडा वाचला, घाईघाईने मशीनला तेवढा सांगितला आणि तिकडे पळाली.

मॅडमच्या रागाला भिऊन कुणी ते वजन दुरुस्त केलं नाही. आणि मॅडम स्वतः, जिने हा हिशेब शेकडो पोरींना शिकवला, ती आपल्या ताठ्यात साफ विसरली की खिशातलं लोखंड म्हणजे अंगातलं पाणी नव्हे. मशीनला काय कळतंय? त्याला जेवढं सांगितलं तेवढं ते इमानेइतबारे ओढू लागलं.

कोट डाव्या बाहीतून काढून तिने उजव्या खांद्यावर टाकला होता. पहिले दोन तास झकास गेले. तिने एक गोळ्याचं नाटक केलं, एक खाजेचं केलं, शेजारच्या खुर्चीतल्या पेन्शनर काकांनाही हसवलं. मग तिला जांभई आली. लगोलग दुसरी आली. तिला वाटलं, इस्त्रीपायी दुपारची झोप बुडाली, त्याची असेल. मग मळमळायला लागलं, कानात घुमायला लागलं, आणि समोरच्या पोरी कुणीतरी मागे सरकवल्यासारख्या लांब गेल्या. मनातल्या मनात तिला सगळं कळत होतं. प्रेशर उतरतंय, हे तिच्याइतकं कुणाला कळणार? पण आज नाही, ती स्वतःला म्हणाली. या कोटात नाही, या पोरींसमोर तर मुळीच नाही.

पोरींनी तिची मान कलताना बघितली आणि एकमेकींना कोपराने ढोसलं. मॅडम काय हुबेहूब करतात, एक कुजबुजली. दुसरी हुशार, तिने हात पाठीमागे ठेवूनच खणखणीत आवाजात उत्तर म्हणून दाखवलं: रक्तदाब कमी होतोय, डोकं खाली आणि पाय वर करायचे, पाणी ओढणं थांबवायचं, सलाइन द्यायचं, सिस्टरला बोलवायचं. अगदी बरोबर उत्तर. शब्दन् शब्द बरोबर. आणि रांगेतली एकही पोरगी जागची हलली नाही.

शंकासूर तेवढी ओळ सोडून पुढे आली. ती आधीपासून त्या कोटाकडेच बघत होती. खिशांच्या वजनाने तो खुर्चीवरून नुसता लोंबत होता. तिने तोफेच्या कपाळाला हात लावला आणि तिचा हात गार घामाने ओला झाला. घामाचं नाटक कुणाला करता येत नाही. तोफेने जड जिभेने तिला दटावलं, हात मागे घे, मी ठीक आहे, चालू दे मशीन. एरवी त्या आवाजावर पोरी भिंतीला चिकटल्या असत्या.

"तुम्ही ठीक नाही आहात," पोरगी म्हणाली.

तिने खुर्चीचा दांडा ओढून डोकं खाली आणि पाय वर केले, मशीनचं पाणी ओढणं बंद केलं, आणि इन्चार्जला अशी हाक मारली की अख्खं युनिट दचकलं. इन्चार्ज धावत आली, सलाइन सोडलं. तोवर पोरीने कोट ओढून काढून जमिनीवर टाकला होता. खिशातलं लोखंड फरशीवर खणखणलं, आणि इन्चार्जने कपाळावर हात मारून घेतला.

थोड्या वेळाने तोफेला छताचे पंखे दिसायला लागले. मग पोरींचे पांढरेफटक चेहरे दिसले. आणि मग दिसल्या प्राचार्या. बातमीला पाय फुटायला असा किती वेळ लागतो? त्या घाईने आल्या होत्या, धापा टाकत होत्या, आणि खरोखर घाबरलेल्या होत्या. मॅडम शुद्धीवर आहेत म्हटल्यावर त्यांच्या घाबरण्याचा राग झाला. मशीनला हात कुणी लावला, त्यांनी विचारलं. सगळ्यांनी जमिनीकडे बघितलं. शंकासूरने बघितलं नाही. ती म्हणाली, मी लावला.

तोफेने पडल्या पडल्याच तोंड घातलं. मीच तिला सांगितलं होतं, ती म्हणाली, माझ्या सांगण्यावरून लावला, तिचा काही दोष नाही. उभ्या आयुष्यात ती फारसं खोटं बोलली नव्हती, पण हे तिने बिनदिक्कत ठोकून दिलं. पोरगी वाचली, असं तिला वाटलं.

"नाही," शंकासूर म्हणाली. "मॅडम नकोच म्हणत होत्या. मी ऐकलं नाही. पुन्हा असं झालं तर पुन्हा ऐकणार नाही."

घ्या! तोफेला तिच्या श्रीमुखात भडकवावीशी वाटली आणि त्याच क्षणी तिचा मुका घ्यावासा वाटला. अगं बये, हातात दिलेली सुटका अशी कुणी फेकून देतं का?

प्राचार्या खुर्चीजवळ आल्या, वाकल्या, आणि आवाज खाली आणून बोलल्या. त्यांचं म्हणणं सरळ होतं. आज हिचं धकलं, उद्या दुसरी एखादी उत्साहात भलतंच बटण दाबेल आणि माणूस दगावेल. नियम मोडून चालणार नाही. तुम्ही एवढंच सांगा की हिने परवानगीशिवाय मशीनला हात लावला ते चुकलं. मी तिला एक वर्ष घरी बसवते, पुढच्या वर्षी परत घेते. आणि तुमच्याबद्दल मी फार ताणलं, हे मलाही कळतं. पुढच्या सत्रापासून वर्ग तुम्हीच घ्या. युनिट नाही, पण वर्ग तुमचा.

वर्ग. तोफेला तो समोर दिसला. फळा, डस्टर, मागच्या बाकांवरची खुसफुस, ती आत शिरताच सावरून बसणारी डोकी. तिला तो हवा होता. आणि प्राचार्या खोटंही बोलत नव्हत्या. परवानगी नव्हती, हे तर खरंच होतं. एक वाक्य बोलायचं होतं फक्त. तिने पोरीकडे बघितलं. पोरगी ताठ उभी होती. घरी बसवलं तर हिचे आईबाप हिला पुन्हा पाठवतील, याची काय खात्री? तोफेने अशा घरी बसलेल्या पोरी पाहिल्या होत्या. त्या परत येत नाहीत.

तिने कोपरावर जोर देऊन डोकं उचललं. आवाज अजून बसलेला होता, पण युनिटभर ऐकू गेला.

"या सगळ्या पोरींना उत्तर येत होतं," ती म्हणाली. "सगळ्या हात मागे बांधून मला मरताना बघत होत्या, कारण तुम्ही त्यांना तसं उभं केलं आणि मी त्यांना नाटकं दाखवली. चूक तुमची आहे, माझी आहे. माझी जास्त आहे, मी कोटाच्या तोऱ्यात काट्यावर चढले. हिची काडीची चूक नाही, आणि आहे असं मी म्हणणार नाही. वर्ग ठेवा तुमच्याकडे."

प्राचार्यांचा चेहरा दगडासारखा झाला. त्या म्हणाल्या, मग विषय संपला, तुम्ही यापुढे इथल्या शिक्षिका नाही, आणि शिक्षिका नसलेल्या माणसाचा या मुलीशी काही संबंध उरत नाही. तिचं काय करायचं ते आम्ही बघू.

मग तिच्या तोंडून जो शब्द निघाला तो तिने नवऱ्याला घरात उच्चारू दिला नव्हता, आणि आजवर स्वतःही उच्चारला नव्हता. उच्चारताना तिला लाज वाटेल असं तिला वाटलं होतं. वाटली नाही. उलट जोर आला.

"मी पेशंट आहे," ती म्हणाली. "माझा जीव या पोरीने वाचवलाय. माझ्या खुर्चीपाशी हीच उभी राहील. हिला काढलंत तर मी पेशंट म्हणून वरपर्यंत तक्रार करीन, आणि आज इथे काय झालं ते पहिल्यापासून सांगीन. कोटासकट सांगीन. माझी शोभा झाली तर होऊ दे."

शेजारच्या खुर्चीतले पेन्शनर काका खाकरले आणि म्हणाले, मीही सगळं बघितलंय, हवं तर मीही सांगतो. तेव्हा इन्चार्ज सिस्टरने खिडकीबाहेर बघायचं सोडलं. ती सरळ प्राचार्यांसमोर येऊन उभी राहिली आणि म्हणाली की पेशंटची मागणी वर कळवणं हे माझं काम आहे, मी कळवीन, आणि मुलीने केलं ते वेळेवर केलं, योग्य केलं, वजनाची चूक माझ्याकडूनही झाली, हेही कळवीन. हात तिने पाठीमागे घेतले नाहीत.

प्राचार्यांनी एकेकाकडे बघितलं. बाई हिशेबी होत्या, तक्रार कुठवर जाईल ते त्यांना कळत होतं. शेवटी त्या म्हणाल्या, ठीक आहे, मुलगी राहू दे, सिस्टरच्या देखरेखीखाली हात लावू दे. मग तोफेकडे वळून म्हणाल्या, पण वर्गाचं आता विसरा. तोफ म्हणाली, विसरले. खोटं होतं ते, आणि डोळ्यांतून पाणी आलं तेव्हा तिने ते पुसलंही नाही. प्राचार्या गेल्या.

त्या दाराबाहेर पडायचा अवकाश, तोफ पोरींकडे वळली. आता नीट बघा, तिने सुरुवात केली, मघाशी मला सगळ्यात आधी काय झालं होतं? जांभई आली होती. एकीच्याही लक्षात आली नाही. जांभई म्हणजे...

"मॅडम," शंकासूर मध्येच म्हणाली. तिने प्रेशरचा पट्टा उलगडला होता आणि तोफेचा उजवा हात हातात घेतला होता. "गप्प राहा. बोललात की आकडा चुकतो."

नवऱ्याने, डॉक्टरांनी, आजवरच्या तीन प्राचार्यांनी जे सांगायची कधी हिंमत केली नव्हती ते ही कालची पोर सांगत होती. पोरीने पट्टा बांधला, कानात नळ्या घातल्या आणि आधी तोफेच्या तोंडाकडे बघितलं.

तोफ गप्प बसली.